पारा चढतो आहे – माशांतलाही!



मे महिना लागला की आपल्या खानदेशात पारावर, एस.टी. स्टँडवर, बाजारात एकच बोलणे ऐकू येते : आज भुसावळचा पारा किती चढला? जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, धुळे, कुठलेही गाव घ्या, पंचेचाळीस अंशांचा आकडा आपल्याला नवा नाही. पण आज आपण दुसऱ्या एका पाऱ्याविषयी बोलणार आहोत. हा पारा काचेच्या नळीत नाही. तो तळ्याच्या गाळात आहे, पाण्यात आहे आणि माशांच्या मांसात आहे. हवेचा पारा चढत चालला की माशांमधला हा पाराही चढू लागतो, असे आता थंड मुलखांतल्या कित्येक तळ्यांत दिसून आले आहे.

तुम्ही म्हणाल, कॅनडा आणि स्वीडनच्या बर्फातल्या तळ्यांशी आमचा काय संबंध? आमची तापी निराळी, आमची गिरणा निराळी. संबंध आहे, आणि तो तीन गोष्टींमुळे आहे : बियाणे, कोळसा आणि सोने. या तिन्ही गोष्टी खानदेशातल्या माणसाला चांगल्या ठाऊक आहेत. म्हणून ही हकिकत शेवटपर्यंत वाचावी, आणि घरात लेक किंवा सून गरोदर असेल तर तिलाही वाचून दाखवावी.

पारा विष केव्हा होतो?

पारा हा धातू. सगळ्या धातूंत हा एकच असा की साध्या हवेत पातळ राहतो. थर्मामीटर फुटला की त्याचे चकचकीत मणी फरशीवर पळतात आणि मुलांना त्याचे मोठे कौतुक वाटते. हे मणी पोटात गेले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. पण त्यांची वाफ श्वासातून गेली तर ती घातक. ती दिसत नाही, तिला वासही नाही.

याहून वाईट रूप निराळेच आहे. पारा तळ्यात, नदीत, धरणात उतरला की तळाच्या गाळात बसतो. या गाळात हवा पोचत नाही. तेथे राहणारे काही सूक्ष्म जंतू पाऱ्याचे रूप पालटतात आणि त्याचा ‘मिथिल पारा’ बनवतात. हे १९६०च्या दशकात स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. मिथिल पारा सजीवांच्या अंगात सहज शिरतो आणि बाहेर पडायला फार वेळ लावतो. पाण्यातल्या शेवाळात तो अगदी थोडा असतो. ते शेवाळ बारीक किडे खातात, किड्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे. सावकाराच्या वहीतल्या व्याजासारखा तो प्रत्येक पायरीला वाढत जातो. पाण्यात जेवढा असतो त्याच्या दहा लाख पटींपर्यंत तो मोठ्या शिकारी माशात साठू शकतो. पाणी दिसायला स्वच्छ, मासा दिसायला ताजा, चवीत काही फरक नाही, तरीही हे होते.

एक गोष्ट भगिनींनी पक्की लक्षात ठेवावी. हे विष माशाच्या चरबीत किंवा कातडीत नसते, मांसातच असते. म्हणून मासा धुऊन, उकळून, तळून, वाळवून किंवा कातडी काढून ते जात नाही.

बियाण्याच्या पुडीतून तळ्यात

आपल्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना ‘अ‍ॅग्रोसान’ आणि ‘सेरेसान’ ही नावे आठवत असतील. पेरणीच्या आधी बियाण्याला चोळायच्या या पुडी. काणी आणि इतर बुरशीजन्य रोग येऊ नयेत म्हणून त्या वापरत. त्यांतले औषध म्हणजे पाऱ्याचीच संयुगे होती.

युरोपातही अशीच बीजप्रक्रिया चालू होती. १९५० ते १९६०च्या दशकांत स्वीडनमध्ये लोकांच्या लक्षात आले की, शेतात दाणे टिपणारी पाखरे मरून पडत आहेत आणि त्या पाखरांना खाणारे ससाणेही कमी होत आहेत. शास्त्रज्ञांनी संग्रहालयातली जुनी पिसे काढून नव्या पिसांशी ताडून पाहिली. बीजप्रक्रियेचे ते औषध आल्यापासून पिसांतला पारा एकदम वाढला होता. १९६६ मध्ये स्वीडनने सर्वांत घातक प्रकारच्या पारायुक्त बीजप्रक्रियेवर बंदी घातली. पाखरांमधला पारा उतरला, पण तळ्यांतल्या ‘पाईक’ नावाच्या शिकारी माशात तो राहिलाच, कारण कागदाच्या आणि कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतूनही तो पाण्यात येत होता. आजही स्वीडनचे सरकार गरोदर बायांना सांगते की, तळ्यातला पाईक वर्षातून दोन-तीनदाच खा.

याच बियाण्याची सर्वांत करुण कहाणी इराकची आहे. १९७१ साली दुष्काळानंतर त्या देशाने परदेशातून पेरणीसाठी गहू आणि बार्ली मागवली. तिला मिथिल पाऱ्याचे औषध लावलेले होते. पोती खेड्यांत पोचली तेव्हा बऱ्याच ठिकाणी पेरणी उरकून गेली होती. पोत्यांवरची सूचना परक्या भाषेत छापलेली. धान्याला रंग होता, तो लोकांनी धुऊन काढला आणि समजले की विष गेले. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिले. कोंबड्यांना लगेच काही झाले नाही, म्हणून त्याच गव्हाच्या भाकरी केल्या. हे विष आठवड्यांनी दिसते, हे त्यांना कोण सांगणार? पुढे हातापायांना मुंग्या, चालताना झोक जाणे, डोळ्यांपुढचे दिसणे अरुंद होणे, बोबडे बोलणे अशी लक्षणे सुरू झाली. सरकारी नोंदीप्रमाणे ६,५३० माणसे दवाखान्यात दाखल झाली आणि त्यांतली ४५९ दगावली. आईला फारसे काही झाले नाही, पण पोटातले मूल मात्र जन्मभराचे अधू झाले, अशाही कित्येक घटना घडल्या.

या घटनेपासून आपण घ्यायचा धडा साधा आहे. औषध लावलेले बियाणे उरले तर ते कितीही धुतले तरी खाऊ नये आणि गुराकोंबड्यांना घालू नये. आपल्या देशात पाऱ्याची ही औषधे एकेक करून बंद झाली. ऊस आणि बटाट्याच्या बेण्याला लावायचे जे शेवटचे पारायुक्त औषध उरले होते, त्यावरही ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. तरी पडवीतल्या फळीवर, जुन्या पेटीत, खताच्या रिकाम्या गोणीत एखादा जुना डबा पडलेला असू शकतो. त्याचे काय करायचे ते पुढे सांगितले आहे.

कोळ्याच्या घरी आलेले दुखणे

पाऱ्याचा पहिला मोठा तडाखा बसला तो शहरी माणसाला नव्हे, मासे धरून पोट भरणाऱ्याला. जपानात मिनामाता नावाचे गाव आहे. तेथल्या एका रासायनिक कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी १९३२ पासून खाडीत सोडले जात होते. आधी मांजरे वेड्यासारखी नाचू लागली आणि मरू लागली, कारण मांजरे माशांवर जगत. मग कोळ्यांची मुले आजारी पडली. १ मे १९५६ रोजी या दुखण्याची अधिकृत नोंद झाली. पण सांडपाणी थांबायला १९६८ साल उजाडले. मधल्या बारा वर्षांत लोक तेच मासे खात राहिले. शेजाऱ्यांनी या घरांशी बोलणे टाकले, कारण दुखणे लागट आहे अशी समजूत पसरली होती.

थंड मुलखातला असाच प्रकार कॅनडातला. ऑन्टॅरिओ प्रांतात ड्रायडन गावी कागद कारखान्याचा कॉस्टिक सोड्याचा विभाग होता. त्याने १९६२ ते १९७० या काळात वॅबिगून नदीत सुमारे नऊ-दहा टन पारा सोडला. खालच्या अंगाला ग्रासी नॅरोज येथे आदिवासी राहतात. मासेमारी आणि बाहेरून आलेल्या हौशी मासेमारांना वाट दाखवणे, हा त्यांचा धंदा. १९७० मध्ये मासे विकण्यावर बंदी आली आणि एका हंगामात सगळ्या गावाचा रोजगार गेला. पन्नास वर्षे उलटून गेली तरी त्या नदीच्या गाळात पारा आहे आणि नातवंडांच्या पिढीतही त्याची दुखणी आहेत. आपल्या तापीकाठचे कोळी, भोई, भिल्ल बांधव यांनी ही गोष्ट आपलीच समजून वाचावी. पाणी नासले की पहिली भाकरी त्यांची जाते.

जगाच्या शेपटाला असलेली तळी

आता प्रश्न असा की, ज्या तळ्यांच्या आसपास शंभर-शंभर मैल कारखाना नाही, तेथल्या माशांत पारा कोठून येतो?

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी आपली फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडतो, आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला वरचे जे काही वाहून येईल ते मिळते. वरच्याने पाटात घाण टाकली तर ती शेपटाला जाते. जगाच्या वाऱ्याचेही तसेच आहे. पाऱ्याची वाफ हवेत सहा महिने ते वर्षभर राहू शकते. तेवढ्या वेळात ती पृथ्वीला फेऱ्या घालते आणि पावसाबरोबर, बर्फाबरोबर, झाडांच्या पानांबरोबर खाली उतरते. उत्तरेकडची थंड तळी ही या जगाच्या पाटाची शेपटे आहेत.

वरच्या अंगाला कोण आहे? संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाप्रमाणे २०१५ साली माणसाच्या उद्योगांतून सुमारे २,२०० टन पारा हवेत गेला आणि त्यातला जवळपास निम्मा आशिया खंडातून गेला. पहिला क्रमांक लागतो हाताने सोने काढणाऱ्या लहान खाणींचा. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, इंडोनेशिया या भागांत गरीब मजूर मातीतले सोने पाऱ्यात धरतात आणि मग ते मिश्रण तापवून पारा उडवून देतात. जळगावच्या सराफ बाजाराची कीर्ती देशभर आहे आणि आपल्या घरच्या लेकीबाळींच्या अंगावर त्या बाजाराचे सोने असते. जगात सोन्याचा भाव चढला की अशा खाणी वाढतात आणि पाराही जास्त उडतो. हे आपल्या ध्यानात असावे.

दुसरा क्रमांक कोळशाचा. कोळशात पारा अगदी थोडा असतो, पण वीज केंद्रात रोज हजारो टन कोळसा जळतो. भट्टीच्या उष्णतेने पाऱ्याची वाफ होते. थोडी राखेबरोबर अडते, बाकीची चिमणीतून वर जाते. दीपनगरच्या चिमण्या भुसावळकडच्या प्रत्येकाने पाहिल्या आहेत. आपल्या मोटारी त्याच विजेवर चालतात, म्हणून दोष एकट्या चिमणीला देऊन चालत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या धुरातील पाऱ्यासाठी पहिल्यांदा मर्यादा घालून दिली. धूर गाळण्याची आणि धुण्याची चांगली यंत्रे बसवली की गंधकाबरोबर बराचसा पाराही अडतो.

उष्णतेने काय घडते?

हवेत पारा सोडणे हा एक भाग झाला. दुसरा भाग उष्णतेचा. उत्तर ध्रुवाकडचा मुलूख १९७९ पासून बाकीच्या पृथ्वीच्या सुमारे चौपट वेगाने तापला आहे. त्यामुळे तळ्यांत चार गोष्टी घडतात.

पहिली : तेथे हजारो वर्षे गोठून राहिलेली जमीन वितळू लागली आहे. या जमिनीत जुना पारा कोंडलेला आहे. २०१८ साली अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या अंदाजाप्रमाणे, बाकीची सगळी माती, समुद्र आणि हवा यांत मिळून जेवढा पारा आहे त्याच्या जवळपास दुप्पट तेथे आहे. जमीन वितळली, काठ ढासळले की तो ओढ्यांतून तळ्यांत येतो.

दुसरी : पाऊस वाढून कुजलेला पालापाचोळा तळ्यात वाहून येतो. पाणी चहासारखे तांबूस होते. या कुजक्याला चिकटून पाराही येतो.

तिसरी : ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि तळाचा गाळ लवकर गुदमरतो. मिथिल पारा बनवणाऱ्या जंतूंना असाच गाळ लागतो. ऊब मिळाली की त्यांचे काम जोरात चालते, जसे उन्हाळ्यात दही लवकर लागते.

चौथी : थंड पाण्यातला मासा ऊन पाण्यात आला की त्याला नुसते जगण्यासाठीच जास्त खावे लागते. जास्त खाल्ले म्हणजे जास्त पारा पोटात.

कॅनडातल्या मॅकेंझी नदीतले ‘बर्बॉट’ मासे शास्त्रज्ञांनी १९८५च्या सुमारापासून तपासत नेले. सुमारे वीस-बावीस वर्षांत त्यांच्यातला पारा जवळपास दुप्पट झाला. त्या काळात तेथल्या हवेतला पारा वाढलेला नव्हता, पाणी मात्र तापत होते आणि बर्फ कमी होत होते.

सगळीकडे असेच घडते असे मात्र नाही. काही तळ्यांत उबेमुळे मासा भराभर वाढतो, अंगावर मांस धरतो आणि पारा जास्त मांसात पसरून किलोमागे उलट कमी भरतो. एकाच बियाण्याचे पीक काळ्या रानात निराळे आणि मुरमाड रानात निराळे, तसे हे आहे. म्हणून थंड देशांचे सरकार तळ्यागणिक मासे तपासते आणि कोणत्या तळ्याचा कोणता मासा किती खावा ते लोकांना सांगते.

धरणे आणि आपला देश

धरण बांधल्यावर काय होते तेही या थंड मुलखानेच शिकवले. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात ला ग्रांद नदीवर विजेसाठी मोठी धरणे झाली. १९८०च्या सुमारास जंगल आणि कुजकी जमीन पाण्याखाली गेली. बुडालेला पालापाचोळा सडला, जंतूंना मेजवानी मिळाली आणि माशांतला पारा काही पट वाढला. तेथल्या क्री आदिवासींना आपले रोजचे अन्न मोजून खावे लागले. तो पारा पुन्हा उतरायला वीस-तीस वर्षे लागली. धरणाचे पाणी वारंवार उतरून काठ उघडे पडणे आणि पुन्हा बुडणे यानेही मिथिल पारा जास्त बनतो, असे आढळले आहे. आपल्या हतनूर आणि गिरणा धरणांचे पाणी दर उन्हाळ्यात किती खाली जाते हे आपण पाहतोच. म्हणून ही गोष्ट मत्स्य व्यवसाय खात्याने आणि आपल्या मच्छीमार सोसायट्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

आपल्या देशात थंड हवेच्या ठिकाणचे तळे आणि पारा यांची गाठ तामिळनाडूत कोडाईकनालला पडली. तेथे १९८३च्या सुमारास थर्मामीटरचा कारखाना अमेरिकेतून उचलून आणला गेला. पाऱ्याने माखलेली काच भंगारात विकली गेल्याचे उघड झाल्यावर २००१ साली तो बंद पडला. पुढे हैदराबादच्या शास्त्रज्ञांना कोडाईच्या तलावाच्या पाण्यात, गाळात आणि माशांत पारा आढळला. कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना भरपाईचा करार मिळायला २०१६ साल यावे लागले. आपल्या महाराष्ट्रात ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास १९८१ सालीच प्रसिद्ध झाला होता. तेव्हा कॉस्टिक सोड्याचे कारखाने पारा वापरत. आता आपल्या देशातल्या या उद्योगाने ती जुनी पद्धत सोडून बिनपाऱ्याची पद्धत घेतली आहे. मनात आणले तर धंदाही बदलतो, तो असा.

मग मासे खावेत की नाही?

जरूर खावेत! हे वाचून कोणी मासे सोडले तर या लेखाचा उपयोग होण्याऐवजी तोटाच होईल. मासा हे गरिबाघरचे उत्तम अन्न आहे. वाढत्या मुलाला, गरोदर आणि बाळंत बाईला त्यातून चांगले प्रथिन मिळते आणि बाळाच्या मेंदूला लागणारी चरबीही मिळते. फक्त निवड हुशारीने करावी. नियम असा :

१. जो मासा शेवाळ, वनस्पती आणि तळाचे बारीकसारीक खातो, त्याच्यात पारा कमी. आपले कटला, रोहू आणि मृगळ असेच आहेत. झिंगे आणि बारीक चिल्हर मासेही चांगले.

२. जो मासा दुसरे मासे खाऊन मोठा होतो, त्याच्यात पारा जास्त साठू शकतो. मरळ चवीला उत्तम खरा, पण तो शिकारी आहे. फार मोठा आणि म्हातारा शिकारी मासा रोज खाऊ नये. जाळ्यात दोन मिळाले तर घरच्या मुलांना लहान मासा द्यावा.

३. समुद्राच्या माशांत मुशी (म्हणजे शार्क) आणि तलवारमासा यांत पारा जास्त असतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी आणि लहान मुलांनी ते टाळावेत. बोंबील, तारली, बांगडा, सुकट हे लहान आयुष्याचे मासे. ते आठवडी बाजारातून खुशाल आणावेत.

४. मिथिल पारा पोटातल्या बाळाच्या मेंदूवर सर्वांत आधी घाव घालतो. पण खाणे बदलले की माणसाच्या अंगातला पारा सुमारे दोन महिन्यांत निम्मा होतो. म्हणून सुनेला दिवस गेल्यावरच नव्हे, त्याच्या आधीपासूनच ही काळजी घ्यावी.

बऱ्याच देशांत साध्या माशासाठी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आणि मोठ्या शिकारी माशासाठी एक मिलिग्रॅम पारा ही मर्यादा धरतात. हे नाकाने किंवा जिभेने कळत नाही, प्रयोगशाळेतच कळते. म्हणून मच्छीमार सोसायटीने ठराव करून मत्स्य व्यवसाय खात्याकडे आपल्या धरणाचे मासे तपासण्याची मागणी करावी. तपासणीने धंदा बुडेल अशी भीती धरू नये. चांगला निकाल हाती असला की गिऱ्हाईक निर्धास्त होते.

आपल्या घरी आणि शेतात

जगाचा वारा आपल्या हातात नाही, पण आपले घर आहे.

थर्मामीटर फुटला तर मुलांना आणि कोंबड्यांना बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा. केरसुणीने झाडू नका, त्याने मणी बारीक होऊन फटींत जातात. दोन जाड कागदांनी मणी एकत्र करा, झाकणाच्या बाटलीत थोडे पाणी घालून त्यात ठेवा आणि दवाखान्यात नेऊन द्या. उकिरड्यावर, विहिरीत, चुलीत कधीही टाकू नका. नवा घ्यायचा तर बिनपाऱ्याचा, आकडा दाखवणारा घ्या. जुन्या ट्यूबलाइट फोडून मुलांना खेळायला देऊ नका, त्यांतही पारा असतो.

धान्याच्या कणगीत, पिंपात ठेवायला ‘पारद टिकड्या’ विकत मिळतात. पारद म्हणजे पाराच. कीड मारणारी वाफ घरातल्या माणसांना पोषक कशी असेल? धान्य कडक उन्हात वाळवून, गार करून भरावे, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, डाळींना एरंडेल चोळावे. खानदेशच्या उन्हासारखे फुकटचे औषध दुसरे नाही.

जुने पारायुक्त बियाणे-औषध किंवा ज्याचे लेबल फाटले आहे असा डबा सापडला, तर तो नाल्यात धुऊ नका, जाळू नका, पुरू नका. मुलांच्या हाताबाहेर कुलपात ठेवून तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला कळवा. बीजप्रक्रियेसाठी आता ट्रायकोडर्मासारखी निर्धोक साधने मिळतात.

ज्यांनी शेततळ्यात मासे सोडले आहेत त्यांनी तळाचा गाळ काळा आणि कुजक्या अंड्यासारखा वासाचा होऊ देऊ नये. शेण आणि खाद्य बेताने टाकावे, उन्हाळ्यात पाणी फार खाली जाऊ देऊ नये, आणि मासे काढून झाल्यावर तळे वाळवून गाळ काढावा. त्याने उन्हाळ्यातली मरही वाचते.

सुधारते, पण आधी थांबवावे लागते

शेवटी एक आशेची गोष्ट. कॅनडात प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या एका तळ्यात शास्त्रज्ञांनी २००१ पासून सात वर्षे खुणेचा पारा मुद्दाम थोडा थोडा टाकला आणि मग थांबवला. माशांत तो लगेच चढला होता. टाकणे थांबताच बारीक माशांत तो भराभर उतरला आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या माशांतही ठळकपणे कमी झाला. पाण्याचे अंगण आपण घाण करणे थांबवले तर ते स्वतःला झाडून घेते.

हेच ओळखून जगातल्या देशांनी २०१३ साली जपानात ‘मिनामाता करार’ केला. तो १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला आणि २०१८ मध्ये भारतही त्यात सामील झाला. कागदावरचा करार गावात उतरवणे हे मात्र आपले काम आहे. पुढच्या ग्रामसभेत दोन विषय अवश्य मांडा : गावातल्या जुन्या विषारी औषधांचे डबे गोळा करणे, आणि आपल्या धरणा-तलावाच्या माशांची तपासणी मागणे. उन्हाळ्याचा पारा खाली आणणे एका गावाच्या हाती नाही. पोराबाळांच्या ताटातला पारा मात्र आपण नक्की उतरवू शकतो.